पट्ट्यांची फाईल कोष्टकांत कशी घ्यावी

तासगांव तालुक्यांतील द्राक्षबागाईत ही जितकी मेहनतीची तितकीच हिशेबाची शेती आहे. एप्रिलांतील खरड छाटणीपासून ऑक्टोबरांतील फळ छाटणीपर्यंत, आणि तेथून माल उतरून बेदाणा पेटींत भरेपर्यंत, फवारणीची तारीख, औषधाचें प्रमाण, पावसाचें मान, मजुरी, खत, पेट्यांची संख्या व सौद्यांत मिळालेला भाव इतक्या गोष्टी टिपून ठेवाव्या लागतात. बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं थॉमसन सीडलेस जातींतून ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडून काढली. अशी निवड, एक वेल शेजारच्या वेलींहून निराळा आहे हें हेरल्यावांचून होत नाहीं. परंतु वेलींतला फरक डोळ्यांना दिसतो. पांच वर्षांच्या पट्ट्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाहीं. तो पाहावयाचा तर सर्व पट्ट्या एका कोष्टकांत मांडून त्या कोष्टकास प्रश्न विचारावे लागतात.

हल्लीं या पट्ट्या पुष्कळ ठिकाणीं संगणकाच्या फायलींच्या रूपानें हातीं येतात, आणि आमच्या वाचकांच्या घरीं संगणकाची आज्ञावली लिहूं शकणारीं मुलें-मुलीही आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. आज्ञावली शिकविणारीं पुस्तकें बहुधा बेरीज-सरासरीपासून आरंभ करतात. आमच्या मतें आरंभ त्याच्याही आधीं, म्हणजे फाईल वाचून कोष्टकांत घेण्यापासून व्हावा. बीं चुकीचें पडलें तर पुढील खुरपणी कितीही चांगली झाली तरी पीक सुधारत नाहीं. तसेंच हें आहे. या पाठांत त्या पहिल्या पायरीचाच विचार करावयाचा आहे.

फाईल म्हणजे काय

आपली रोजकीर्द कागदावर असते तेव्हां तींत उभ्या रेघा ओढून रकाने पाडलेले असतात. संगणकाच्या साध्या मजकुराच्या फाईलींत रेघ ओढतां येत नाहीं. तींत अक्षरामागून अक्षर अशी एकच अखंड रांग असते. या रांगेंत एक नोंद कोठें संपली व दुसरी कोठें सुरू झाली, आणि नोंदीच्या आंत एक रकाना कोठें संपला, हें कळावें म्हणून दोन खुणा ठरविलेल्या असतात. ओळ मोडली कीं नोंद संपली, ही पहिली खूण; आणि ओळींत स्वल्पविराम आला कीं रकाना संपला, ही दुसरी. मोडी लिपींत शब्द तोडल्याशिवाय एकसलग लिहिण्याची चाल होती, आणि वाचणाऱ्यास संदर्भावरून शब्द ओळखावा लागे. संगणकाला संदर्भ कळत नसतो. त्याला खूणच हवी.

या प्रकारच्या फाईलीस ‘सीएसव्ही’ म्हणजे स्वल्पविरामानें विभागलेलीं मूल्यें असें म्हणतात. स्वल्पविरामाऐवजीं टॅबचें चिन्ह, अर्धविराम किंवा उभा दंडही विभाजक म्हणून वापरतात. ही रीति नवी नाहीं. सन १९७२ च्या सुमारास आयबीएम कंपनीच्या फोरट्रान भाषेंत स्वल्पविरामानें तोडलेले आंकडे वाचण्याची सोय झाली होती. मात्र सर्वांनीं पाळावयाचे नियम लेखी स्वरूपांत येण्यास सन २००५ उजाडावें लागलें. त्या सालीं ‘आरएफसी ४१८०’ या नांवाचा मसुदा प्रसिद्ध झाला. तोही केवळ माहितीसाठीं होता, सक्तीचा नव्हता. म्हणून आजही दोन ठिकाणांहून आलेल्या दोन फायली सारख्याच नांवाच्या असून आंतून निराळ्या निघतात. खरेदीस आलेल्या बियाण्याच्या पिशवीवरील नांव वाचून कोणी पेरणी करीत नाहीं. चार दाणे हातावर घेऊन पाहतो. तसेंच कोणतीही फाईल आज्ञावलीस देण्यापूर्वीं ती साध्या मजकुराच्या खिडकींत उघडून तिच्या पहिल्या दहा व शेवटच्या दहा ओळी डोळ्यांनीं पाहाव्या.

वखार आणि खळें

फाईल संगणकाच्या तबकडीवर पडून असते. ती वखारींतल्या पोत्यांसारखी आहे. माल सुरक्षित असतो, पण त्याची निवड-पाखड तेथें करतां येत नाहीं. काम करावयाचें तर माल खळ्यावर आणून पसरावा लागतो. संगणकाची तात्पुरती स्मृति म्हणजे हें खळें. वीज गेली कीं तें झाडून निघतें. पण त्यावरचें काम फार जलद होतें.

खळ्यावर माल पसरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, ओळीमागून ओळ जशीच्या तशी ठेवणें; दुसरी, प्रत्येक रकान्याचा निराळा ढीग करणें. कोष्टकांवर काम करणारीं साधनें बहुधा दुसरी तऱ्हा पत्करतात. सर्व वजनें एके ठिकाणीं, सर्व भाव एके ठिकाणीं, आणि प्रत्येक ढिगांत एकाच जातीचा माल, अशी मांडणी असली म्हणजे वजनांची बेरीज करतांना इतर रकान्यांस हात लावावा लागत नाहीं. पायथन भाषेंत सन २००३ पासून सीएसव्ही वाचण्याचें साधें साधन भाषेबरोबरच मिळूं लागलें. तें प्रत्येक रकाना केवळ अक्षरें म्हणून हातीं देतें. पुढें वेस मॅकिनी यांनीं सन २००८ मध्यें ‘पांडास’ या साधनाचें काम सुरू केलें. तें फाईल वाचून, प्रत्येक रकान्याची जात स्वतः तर्कानें ठरवून, तयार कोष्टक उभें करतें. सोय मोठी आहे. परंतु तर्क हा तर्कच असतो, हें विसरतां कामा नये.

एक लहान उदाहरण

पुढील चार ओळी पाहाव्या. आंकडे केवळ समजूत पटावी म्हणून घेतले आहेत, आणि पेटी १५ किलोची धरली आहे.

तारीख,गट,प्रत,पेट्या,वजन,भाव,रक्कम
०५-०४-२०२४,१२/१,हिरवा,४०,६००,१४०,८४,०००
०८-०४-२०२४,१२/१,हिरवा,२०,३००,१५५,४६,५००
१२-०४-२०२४,१२/२,पिवळा,६०,९००,११०,९९,०००

मनुष्यास यांत कांहींच अडचण दिसत नाहीं. पहिल्या पट्टींत ६०० किलो माल १४० रुपये दरानें गेला व ८४,००० रुपये आले. परंतु वाचणाऱ्या साधनास ‘८४,०००’ यांतील स्वल्पविराम हजाराचा आहे हें कसें कळावें? तें त्याचे दोन रकाने करतें. मथळ्यांत नांवें सात आणि ओळींत मूल्यें आठ, असें होतें.

येथें पांडासची एक संवय ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर्व ओळींत मथळ्यापेक्षां एक मूल्य अधिक असेल, तर तें साधन तक्रार करीत नाहीं. पहिलें मूल्य हें ओळीचें नांव असावें असें समजून तें तारीख बाजूस काढतें, आणि उरलेलीं सात मूल्यें सात मथळ्यांखालीं भरतें. सर्व रकाने एकेक घर डावीकडे सरकतात. ‘पेट्या’ या मथळ्याखालीं ६०० येतात, ‘वजन’ याखालीं १४० येतात, आणि ‘भाव’ या मथळ्याखालीं ८४, ४६ व ९९ हे आंकडे बसतात.

या चुकीचा खरा धोका असा कीं ती चूक दिसत नाहीं. भावाच्या जागीं ८४,००० असा आंकडा आला असता तर कोणीही दचकला असता. पण ८४ रुपये किलो हा आंकडा दिसावयास अगदीं सरळ आहे. तिन्ही भावांची सरासरी घेतली तर ती सुमारें ७६ रुपये निघते. खरें पाहतां एकंदर १,८०० किलोचे २,२९,५०० रुपये आले आहेत, म्हणजे किलोस १२७ रुपये ५० पैसे पडले. ज्या शेतकऱ्याचा माल अद्याप शीतगृहांत आहे व जो मागील भाव पाहून तो आज काढावा कीं पुढें ठेवावा हें ठरवीत आहे, त्यास ७६ व १२७ यांतील अंतर म्हणजे वर्षाची कमाई होय.

आतां याच फाईलींत चौथी पट्टी आली असें समजूं: ५० पेट्या, ७५० किलो, भाव १४०, रक्कम १,०५,०००. या रकमेंत स्वल्पविराम दोन असल्यामुळें ओळीचीं मूल्यें नऊ होतात, आणि आतां मात्र साधन अडतें व त्या ओळीवर बोट ठेवून थांबतें. हें अडणें आपल्या हिताचें आहे. परंतु घाईत असलेला मनुष्य ‘वाईट ओळी वगळून पुढें जा’ अशी आज्ञा देऊन मोकळा होतो. मग काय होतें? एक लाखावरील प्रत्येक पट्टी, म्हणजे नेमके मोठे सौदे, हिशेबांतून गळून पडतात, आणि लहान सौदेच सरकलेल्या रकान्यांनिशीं मागें उरतात. वाईट ओळ ही रोगट पानासारखी आहे. ती तोडून फेंकण्यापूर्वीं तिच्यावर काय पडलें आहे तें पाहावें.

यावर उपाय दोन. फाईल आपण तयार करीत असूं तर रकमेंत स्वल्पविराम घालूंच नये; ‘८४०००’ असें लिहावें. फाईल दुसऱ्याकडून आली असेल व रक्कम अवतरणचिन्हांत असेल, तर वाचतांना ‘स्वल्पविराम हजाराचा समजावा’ अशी स्पष्ट आज्ञा द्यावी. रक्कम अवतरणचिन्हांत नसेल आणि तीच शेवटच्या रकान्यांत असेल, तर पहिले सहा स्वल्पविरामच विभाजक धरून उरलेला सर्व मजकूर रक्कम म्हणून घ्यावा व मग त्यांतील स्वल्पविराम गाळावे.

स्वल्पविरामावर तोडणें पुरेसें नाहीं

नवशिका आज्ञावली लिहितांना प्रत्येक ओळ स्वल्पविरामाच्या जागीं तोडून टाकतो. वरवर हें पुरेसें वाटतें. पण शेऱ्याच्या रकान्यांत ‘माल ओला, दर कमी’ असा मजकूर आला कीं ती रीति मोडते. म्हणून नियम असा कीं ज्या मूल्यांत विभाजक चिन्ह येतें तें मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालावें. आणि मूल्यांतच अवतरणचिन्ह आलें तर तें दोनदां लिहावें. अवतरणचिन्हांच्या आंत ओळही मोडूं शकते. त्यामुळें ओळ मोडली म्हणजे नोंद संपलीच असें नाहीं.

योग्य वाचक एकेक अक्षर पुढें सरकत जातो आणि आपण अवतरणाच्या बाहेर आहोंत कीं आंत, एवढें एकच ध्यानांत ठेवतो. बाहेर असतांना स्वल्पविराम आला तर रकाना संपला. ओळ मोडली तर नोंद संपली. अवतरणचिन्ह आलें तर आंत शिरावें. आंत असतांना स्वल्पविराम व ओळ मोडणें हीं दोन्ही साधीं अक्षरें समजावीं. आंत असतांना अवतरणचिन्ह आलें तर पुढचें अक्षर पाहावें: तेंही अवतरणचिन्हच असेल तर तें मजकुराचें एक अक्षर, नसेल तर बाहेर यावें. मोटेचा बैल धांवेवर उतरतांना व चढतांना निराळा वागतो, पण त्यास दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. तसेंच हें यंत्र दोन अवस्थांवर चालतें. शिकणाऱ्यानें हें एकदां स्वतःच्या हातानें लिहून पाहावें, आणि कळल्यावर कामासाठीं तयार साधनच वापरावें.

रकान्याची जात

वाचलेलें मूल्य हें आरंभीं केवळ अक्षरें असतें. ‘६००’ हीं तीन अक्षरें. त्यांची संख्या करणें ही पुढची क्रिया. कोणत्या रकान्याची संख्या करावयाची व कोणता रकाना अक्षरेंच ठेवावयाचा, हें ठरविण्याची कसोटी सोपी आहे. ज्याची बेरीज करण्यांत अर्थ आहे ती संख्या. वजनांची बेरीज होते, पेट्यांची होते. गट नंबरांची बेरीज कोणी करीत नाहीं; फोन नंबरांची, पिन कोडांची वा बागेच्या नोंदणी क्रमांकांची करीत नाहीं. निर्यातीच्या बागांची नोंदणी सन २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या अपेडाच्या व्यवस्थेंत होऊं लागली. त्यांतील क्रमांक हें बागेचें नांव आहे, माप नव्हे. असे रकाने साधनाच्या तर्कावर न सोडतां ‘हीं अक्षरें आहेत’ असें आधींच बजावावें. नाहींतर ‘००४५’ या क्रमांकाचे ‘४५’ होतात, आणि मागील शून्यें परत आणण्यास मार्ग राहत नाहीं.

याहून विलक्षण प्रकार गट नंबरांचा होतो. ‘१२/१’ हा हिस्सा तक्ता उघडणाऱ्या नेहमींच्या साधनास तारीख वाटतो, आणि तो त्याची १२ जानेवारी किंवा १ डिसेंबर करून ठेवतो. आपला ‘७/१२’ हा शब्दही त्याच तडाख्यांत सांपडतो. हें केवळ आपल्याकडेच घडतें असें नाहीं. जीवशास्त्रांत कांहीं जनुकांचीं नांवें ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशीं होतीं. तक्त्याच्या साधनानें त्यांच्या तारखा केल्या. सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, ज्या शोधनिबंधांस जनुकांच्या याद्यांचे असे तक्ते जोडलेले होते त्यांपैकीं सुमारें एक-पंचमांशांत ही चूक शिरली होती. अखेर सन २०२० मध्यें जनुकांचीं नांवेंच बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशीं ठेवण्यांत आलीं. शास्त्रज्ञांस नांवें बदलतां आलीं; आपल्या जमिनीचे गट नंबर आपणांस बदलतां येणार नाहींत. म्हणून फाईल दोनदां टिचकी मारून उघडण्याची व तशीच जतन करण्याची संवय सोडावी, आणि ती आज्ञा देऊन, रकान्याची जात सांगून, आंत घ्यावी.

तारीख आणि कोरी जागा

‘०५-०४-२०२४’ ही आपल्याकडे ५ एप्रिल. अमेरिकन रिवाजानें ४ मे. बाराच्या आंतील दिवस असला म्हणजे दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि पुष्कळ साधनें न सांगितल्यास महिना प्रथम धरतात. फवारणी व तोडणी यांतील दिवस मोजावयाचे असतात तेव्हां ही चूक महागांत पडते. वाचतांना ‘दिवस प्रथम’ असें सांगावें. आणि आपण लिहितांना ‘२०२४-०४-०५’ असा वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा. हा क्रम सन १९८८ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा आणखी एक गुण असा कीं अक्षरें म्हणून क्रमवारी लावली तरी तारखा आपोआप क्रमानें लागतात.

कोरी जागा व शून्य यांतील भेद तर शेतकऱ्यानेंच संगणकवाल्यास शिकवावा असा आहे. पावसाचें मान सकाळीं ८.३० वाजतां मागील चोवीस तासांचें मोजतात. एखाद्या दिवशीं रकान्यांत शून्य आहे याचा अर्थ पाऊस पडला नाहीं. रकाना कोरा आहे याचा अर्थ कोणी मोजला नाहीं. पांच दिवसांच्या नोंदी १०, ०, कोरी, ०, २० मिलिमीटर अशा असतील, तर मोजलेल्या चार दिवसांची सरासरी ७.५ येते, कोऱ्या जागीं शून्य भरलें तर ती ६ होते. फळ छाटणीनंतर डाऊनीच्या धोक्याचा अंदाज घेतांना न मोजलेला दिवस कोरडा धरणें हें बागेशीं वैर करण्यासारखें आहे. म्हणून वाचतांना कोरी जागा कोरीच राहूं द्यावी, आणि ‘-’, ‘निरंक’, ‘नोंद नाहीं’ असे शब्द फाईलींत असतील तर त्यांपैकीं कशाचा अर्थ शून्य व कशाचा अर्थ कोरें, हें साधनास एकेक करून सांगावें. आणखी एक बारीक गोष्ट: पूर्णांकांच्या रकान्यांत एक जरी जागा कोरी असली तरी पांडास सहसा सर्व रकाना दशांशाचा करतें, व ‘४०’ पेट्या ‘४०.०’ अशा दिसूं लागतात. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र कोठें तरी जागा कोरी आहे एवढा इशारा त्यांतून घ्यावा.

परदेशचीं चिन्हें आणि आपली लिपि

आमच्या भागांतील द्राक्षें युरोपास जातात, आणि तिकडील अहवाल इकडे येतात. नेदरलँड, जर्मनी इत्यादि देशांत दशांशाची खूण म्हणून टिंब न देतां स्वल्पविराम देतात, आणि म्हणून तेथील फायलींत विभाजक बहुधा अर्धविराम असतो. सन २०१० मध्यें क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांची युरोपांतील निर्यात अडचणींत आली, तेव्हां तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. युरोपीय लेखनांत हाच आंकडा ‘०,०५’ असा होतो. आतां पट्टीसाठीं आपण वर जी ‘स्वल्पविराम हजाराचा समजून गाळावा’ अशी आज्ञा दिली, तीच या फाईलीस लावली तर ०.०५ चे ५ होतात. आंकडा शंभर पट वाढतो. तात्पर्य, एका फाईलीची आज्ञा दुसऱ्या फाईलीस डोळे मिटून लावूं नये. एकच औषध सर्व रोगांवर चालत नाहीं.

लिपीचाही विचार हवा. फाईलींत अक्षरें नसतात, अंक असतात. कोणता अंक कोणतें अक्षर, याचा ठराव म्हणजे सांकेतिक पद्धति. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटें घेतें. फाईल दुसऱ्या पद्धतीची समजून वाचली तर ‘हिरवा’ या जागीं निरर्थक चिन्हांची रांग येते. जुन्या फायलींत तर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार चढवून लिहिलेला असे. आकार गेला कीं उरतें तें कोणत्याच भाषेचें नसतें. अशा फायली प्रथम युनिकोडांत बदलून घ्याव्या. कांहीं साधनें फाईलीच्या आरंभीं तीन बाइटांची एक अदृश्य खूण घालतात. ती पहिल्या मथळ्यास चिकटते, आणि डोळ्यांना ‘तारीख’ दिसत असूनही आज्ञावली ‘तारीख नांवाचा रकाना नाहीं’ असें म्हणते. ही खूण वगळून वाचण्याची सोय साधनांत असते. तसेंच, वरील उदाहरणांत छपाईसाठीं आम्ही देवनागरी अंक वापरले असले तरी फाईलींत इंग्रजी अंकच ठेवावे. देवनागरी अंक सर्वच साधनें संख्या म्हणून ओळखतात असें नाहीं.

मोठी फाईल

एका शेताच्या पट्ट्या खळ्यावर सहज मावतात. परंतु सर्व तालुक्याचें तासातासाचें हवामान घ्यावयाचें झाल्यास आधीं हिशेब करावा. एक संख्या बहुधा आठ बाइटें घेते. दहा लाख ओळी व दहा रकाने असतील, तर संख्यांसाठीं आठ कोटि बाइटें, म्हणजे सुमारें ८० मेगाबाइट लागतात. हें फार नव्हे. पण अक्षरांचे रकाने याहून पुष्कळ अधिक जागा खातात. यावर तीन उपाय आहेत. हवे तेवढेच रकाने वाचावे. ‘हिरवा’, ‘पिवळा’, ‘काळा’ असे तेच ते शब्द पुन्हां पुन्हां येणाऱ्या रकान्यांत शब्दाऐवजीं लहान क्रमांक ठेवून शब्दांची यादी एकदांच ठेवावी. साधनांत याची सोय असते. आणि तरीही न मावल्यास फाईल तुकड्यातुकड्यांनीं वाचून प्रत्येक तुकड्याची बेरीज जपत जावी.

खळें लहान असतां माल मोठा आणला तर काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत सन २०२० मध्यें घडलें. करोनाच्या चांचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फायलींतून येत असत. ते तक्त्याच्या जुन्या प्रकारच्या फाईलींत ओतले जात, आणि त्या प्रकारांत ६५,५३६ ओळींपेक्षां अधिक मावत नसत. वरच्या ओळी गळाल्या, पण कोणी ओरडलें नाहीं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळांतील १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आंकड्यांतून सुटली, आणि त्यांच्या संपर्कांत आलेल्यांचा शोध लांबला. आलेल्या ओळी किती व बसलेल्या ओळी किती, एवढें एक मोजमाप रोज ताडून पाहिलें असतें तर हा घोटाळा पहिल्याच दिवशीं उघडा पडता.

ताळा

म्हणून या पाठाचा शेवट ताळ्यानें करावयाचा. गुणाकार केल्यावर ताळा पाहण्याची शिस्त आपल्या शाळांनीं लावली. तीच येथें लावावी. फाईल कोष्टकांत घेतली कीं तिच्यावर बेरीज-सरासरी करण्यापूर्वीं पुढील पांच गोष्टी पाहाव्या, आणि त्या दर वेळीं आज्ञावलीकडूनच पाहवून घ्याव्या.

१. फाईलींतील नोंदी किती व कोष्टकांतील ओळी किती? मथळ्याची ओळ वजा जातां दोन्ही संख्या मिळाल्या पाहिजेत.

२. रकान्यांची नांवें व संख्या अपेक्षेप्रमाणें आहेत काय, आणि प्रत्येक रकान्याची जात आपण सांगितली तीच आहे काय?

३. प्रत्येक रकान्यांत सर्वांत लहान व सर्वांत मोठें मूल्य कोणतें? पेट्या ६०० व वजन १४० असें दिसलें तर रकाने सरकले आहेत, हें येथेंच कळतें.

४. आंतला मेळ बसतो काय? पेट्या गुणिले १५ म्हणजे वजन. वजन गुणिले भाव म्हणजे रक्कम. ज्या ओळींत हा मेळ बसत नाहीं त्या वेगळ्या काढून मूळ पट्टीशीं ताडाव्या.

५. एकंदर रकमेची बेरीज बँकेंत जमा झालेल्या रकमेशीं, कपाती धरून, जुळते काय?

ज्या ओळी वाचतां आल्या नाहींत त्या फेंकून न देतां निराळ्या फाईलींत जशाच्या तशा उतरून ठेवाव्या, आणि मूळ फाईलीस कधींही हात लावूं नये. दुरुस्ती करावयाची ती आज्ञावलींत करावी, म्हणजे काय बदललें तें पुढील वर्षींही वाचतां येतें. खाडाखोड केलेली कीर्द न्यायालयांत टिकत नाहीं. खाडाखोड केलेली फाईल स्वतःच्या घरांतही टिकत नाहीं.

या पाठाचा अभ्यास म्हणून वाचकांनीं, किंवा त्यांच्या घरांतील आज्ञावली शिकणाऱ्यांनीं, गेल्या हंगामांतील आपल्या पट्ट्या वरील सात रकान्यांत मांडाव्या. मुद्दाम एका रकमेंत स्वल्पविराम घालावा, एक पेट्यांची जागा कोरी ठेवावी, आणि एका शेऱ्यांत अवतरणचिन्हांसह स्वल्पविराम लिहावा. मग ती फाईल कोष्टकांत घेऊन वरील पांच ताळे लावून पाहावे. चुका आपण स्वतः पेरलेल्या असल्यामुळें कोणता ताळा कोणती चूक पकडतो हें स्पष्ट कळेल. ज्यास हें साधलें, त्यानें पुढें सरासरी काढावी, आलेख काढावा, भावाचा अंदाजही बांधावा. त्याच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवून माल शीतगृहांतून काढण्यास किंवा ठेवण्यास हरकत नाहीं.